दुष्काळाची खूण जनुकांत उरते का? बदलत्या लोकसंख्येतील वंशरेषांचे गणित

धागालेखक: अंबाझरीकाठ

गेल्या महिन्यात धरमपेठेत एका घरगुती कार्यक्रमात वंशावळीचा विषय निघाला. घरातील एका ज्येष्ठांनी ठामपणे सांगितले, की १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांतात इतकी माणसे दगावली, की आजची पिढी म्हणजे वाचलेल्या मूठभरांचीच संतती आहे आणि काही आजार आपल्याकडे घरोघरी दिसतात ते त्यामुळेच. बसलेल्या सगळ्यांना हे पटले, मलाही त्या क्षणी पटले. घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा आकडे वेगळेच सांगू लागले. हा समज आमच्या एका घरापुरता नाही, म्हणून ते आकडे येथे सविस्तर मांडतो.

दुष्काळ भीषण होता, याबद्दल शंका नाही. १८९१ च्या तुलनेत १९०१ च्या जनगणनेत मध्य प्रांताची लोकसंख्या घटलेली दिसते. पुढे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने, ज्याला जुनी माणसे मानमोडी म्हणत, असा घाला घातला, की १९२१ च्या जनगणनेत संपूर्ण भारताची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. प्रश्न एवढाच आहे, की अशा घटीची खूण वंशरेषांच्या रचनेत उरते का आणि उरत असेल तर ती किती ठळक असते.

यासाठी काळ उलटा मोजावा लागतो. घरातली वंशावळ आपण मूळ पुरुषापासून खाली लिहीत येतो. ब्रिटिश गणिती जॉन किंगमन यांनी १९८२ साली मांडलेली पद्धत उलट्या दिशेने जाते: आजच्या काही जनुकप्रती हाती घ्यायच्या आणि प्रत्येकीचा माग एकेक पिढी मागे काढत जायचा. मागे जाताना केव्हातरी दोन वंशरेषा एकाच पूर्वज-प्रतीपाशी येऊन मिळतात. या मिळण्याला मी संगम म्हणेन, कारण अंभोऱ्याला कन्हान वैनगंगेला मिळते तेव्हा जे होते तेच येथे होते. दोन प्रवाहांचा एक होतो आणि पुढच्या पात्रात कोणते पाणी कोणाचे हे सांगता येत नाही.

समाजात ‘न’ इतकी माणसे आहेत असे समजू. प्रत्येकाकडे एखाद्या जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे एकूण २न प्रती. जनुकशास्त्रज्ञ राइट आणि फिशर यांच्या प्रतिमानात, म्हणजे गणिती नमुन्यात, प्रत्येक प्रत आपली पूर्वज-प्रत मागच्या पिढीतील २न प्रतींमधून निव्वळ योगायोगाने निवडते. पहिलीने कोणतीही निवडली, तरी दुसरीने नेमकी तीच निवडण्याची संभाव्यता १/(२न) असते. म्हणून लोकसंख्या स्थिर असेल, तर दोन वंशरेषांचा संगम होण्यास सरासरी २न पिढ्या लागतात. दहा वंशरेषा घेतल्या तर जोड्या ४५ होतात, त्यामुळे पहिला संगम लवकर होतो, पण शेवटच्या दोन रेषा एकमेकींना भेटायला पुन्हा सरासरी २न पिढ्या घेतात. दहाही रेषांच्या समान पूर्वजापर्यंतचे एकूण अंतर सरासरी ३.६न पिढ्यांचे असते, आणि त्यातील निम्म्याहून अधिक काळ केवळ त्या शेवटच्या जोडीचा असतो. या झाडाचा हा आकार मला फार विलक्षण वाटतो. शेंड्याकडे दाटी आणि बुंध्याकडे दोन लांबच लांब फांद्या, असे त्याचे रूप आहे.

आता लोकसंख्या बदलती ठेवू. प्रत्येक पिढीत संगमाची संभाव्यता त्या पिढीच्या आकारावर ठरते, म्हणून बेरीज लोकसंख्येची करायची नसून तिच्या व्यस्ताची करायची असते. संगमाचे एक वेगळे घड्याळ आहे असे समजावे: लोकसंख्या मोठी असताना त्याचा काटा जवळपास थांबलेला असतो आणि लोकसंख्या लहान झाली की तो वेगाने फिरतो. ग्रिफिथ्स आणि तावारे यांनी १९९४ मध्ये हेच काटेकोरपणे मांडले. या घड्याळाने वेळ मोजली, की बदलत्या लोकसंख्येचे झाड पुन्हा किंगमन यांच्या स्थिर लोकसंख्येच्या झाडासारखेच वागते.

आता दुष्काळाकडे येऊ. दहा लाखांच्या समाजातील एक लाख माणसे गेली आणि एक संपूर्ण पिढी नऊ लाखांवर राहिली, असे समजू. दोन वंशरेषांचा त्या पिढीत संगम होण्याची संभाव्यता आधी २० लाखांत एक होती, ती १८ लाखांत एक झाली. वाढ किती झाली, तर १ कोटी ८० लाखांत एक. दहापैकी नऊ माणसे गेली आणि एक लाखच उरली असे धरले, तरी त्या पिढीतील संभाव्यता २ लाखांत एकच राहते. माणसांच्या दृष्टीने हा प्रलय आहे. संगमाच्या घड्याळाचा काटा मात्र त्यात जाणवण्याइतका हलत नाही.

दुसरे उदाहरण घ्या. वीस माणसे एखाद्या नव्या ठिकाणी वस्ती करतात आणि दहा पिढ्या त्यांची संख्या वीसच राहते. दुष्काळ नाही, साथ नाही, कोणी अकाली मेलेले नाही. प्रती ४०, म्हणून दर पिढीला संगमाची संभाव्यता १/४०. दहा पिढ्यांत एकदाही संगम न होण्याची संभाव्यता ०.९७५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.७७६. म्हणजेच आजच्या कोणत्याही दोन प्रतींपैकी सुमारे २२ टक्के जोड्या त्या दहा पिढ्यांतच एका पूर्वज-प्रतीपाशी येतात. हेच २२ टक्के दहा लाखांच्या स्थिर लोकसंख्येत गाठायचे तर पाच लाखांहून अधिक पिढ्या लागतील.

यावरून प्रभावी लोकसंख्या, म्हणजे वंशरेषांच्या संगमाच्या वेगावरून जेवढी भासते तेवढी लोकसंख्या, ही कल्पना येते. नऊ पिढ्या हजार-हजार माणसांच्या आणि मधली एक पिढी दहा माणसांची असेल, तर साधी सरासरी ९०१ येते. वंशरेषांच्या दृष्टीने मोजायची ती हरात्मक सरासरी (व्यस्तांची सरासरी काढून तिचा पुन्हा व्यस्त) असते आणि ती सुमारे ९२ येते. एका पिढीने नऊ पिढ्यांचे वैभव पुसून टाकले.

त्या ज्येष्ठांच्या म्हणण्यातील निरीक्षण खरे आहे, कारण मात्र चुकीचे आहे, असे माझे मत झाले आहे. काही समाजांत ठरावीक आजार एकवटतात, ते किती माणसे मेली यामुळे नव्हे. सुरुवातीला किती थोडी माणसे होती आणि त्यांची संतती किती पिढ्या आपसातच लग्ने करत राहिली, यावर ते ठरते. नाकात्सुका आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६३ गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८१ गटांत संस्थापक-घटनेची, म्हणजे थोड्याच माणसांपासून गट सुरू झाल्याची, खूण फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यू या दोन्ही प्रसिद्ध उदाहरणांपेक्षा ठळक आढळली. त्यांतील काही गटांची आजची संख्या दहा लाखांच्या वर आहे. आजच्या मोठ्या आकड्याने जुनी खूण पुसली जात नाही, हे घड्याळाच्या नियमाशी तंतोतंत जुळते.

गणितात कोठे चूक असेल तर जरूर दाखवावी.

प्रतिसाद: काटोलची बाग

मी गणिताचा माणूस नाही, संत्रा बागायतदार आहे. परंतु तुमची प्रभावी लोकसंख्या मला बागेतूनच चटकन समजली. आमच्या तालुक्यात संत्र्याची झाडे मोजायला बसलात तर संख्या प्रचंड भरेल. त्यातले जवळपास प्रत्येक झाड कलमाचे आहे. जंभेरीचा खुंट वाढवायचा आणि चांगल्या मातृवृक्षाचा डोळा त्यावर बांधायचा, ही आमची रीत. म्हणजे खुंटावरची सगळी झाडे थोड्याशा मातृवृक्षांच्याच प्रती आहेत. बियांपासून रोप केले तरी फारसा फरक पडत नाही, कारण नागपुरी संत्र्याच्या एका बीमध्ये अनेक अंकुर असतात आणि त्यांतील बहुतेक आईच्याच पेशींपासून बनलेले असतात.

माझ्या वडिलांनी एकाच झाडाचे डोळे घेऊन संपूर्ण बाग लावली होती. त्या झाडाला गोडी होती, फळ भरदार होते. पुढे डिंक्याचा रोग आला तेव्हा बाग एका ओळीने गेली, कारण एका झाडाला जे सोसवत नव्हते ते कोणालाच सोसवत नव्हते. तेव्हा आम्ही नशिबाला दोष दिला. आता मी नवीन लागवडीसाठी वेगवेगळ्या मातृवृक्षांचे डोळे आणि दोन प्रकारचे खुंट वापरतो आणि कोणत्या ओळीत कोणाचा डोळा आहे हे वहीत लिहून ठेवतो.

प्रतिसाद: फळा आणि खडू

काटोलचे उदाहरण माझ्या वर्गात उपयोगी पडले असते. मी सेवानिवृत्त गणितशिक्षिका आहे. धागालेखकांची गणिते मी तपासली आणि ती बरोबर आहेत. एका गोष्टीवर मात्र मला अडखळायला झाले. आपण लोकसंख्या घटण्याचाच विचार केला, परंतु आपला खरा इतिहास वाढीचा आहे. म्हणून मी वाढत्या लोकसंख्येचे गणित करून पाहिले.

आज दहा लाख माणसे आणि मागे जाताना दर पिढीला सतत चक्रवाढीने १० टक्के घट, असे धरले. स्थिर दहा लाखांच्या समाजात निम्म्या जोड्यांचा संगम होण्यास सुमारे १३ लाख ८६ हजार पिढ्या लागतात. वाढत्या समाजात तेवढ्यासाठी फक्त ११८ पिढ्या पुरतात! हा फरक पाहून मी थक्क झाले. पुढे ११८ पिढ्यांपूर्वी या प्रतिमानात किती माणसे उरतात ते मोजले, तर सात आली. सात माणसांच्या समाजाला सतत चक्रवाढीचे सूत्र लावणे मला प्रशस्त वाटत नाही. उत्तरावर विश्वास ठेवायचा की नाही?

प्रतिसाद: अंबाझरीकाठ

बाई, आपली शंका रास्त आहे. ते उत्तर तसेच स्वीकारू नये. घातांकी वाढ अनंत काळ मागे नेली की लोकसंख्या शून्याकडे जाते आणि सगळ्या वंशरेषांना तेथे बळेच भेटावे लागते. म्हणून प्रतिमानाला तळ द्यावा लागतो.

समजा, फार प्राचीन काळापासून समाज हजार माणसांचा होता आणि गेल्या ७० पिढ्यांत तो वाढून दहा लाखांचा झाला. वाढीच्या या ७० पिढ्यांत दोन वंशरेषांचा संगम होण्याची संभाव्यता फक्त अर्धा टक्का येते. उरलेल्या साडेनव्याण्णव टक्के जोड्या वाढीचा काळ न भेटताच ओलांडतात आणि हजार माणसांच्या काळात शिरतात. तेथे त्यांना भेटायला आणखी सरासरी दोन हजार पिढ्या लागतात. म्हणजे सरासरी अंतर सुमारे २,०७० पिढ्या. आजचे दहा लाख हा आकडा त्या उत्तरात जवळजवळ कोठेच नाही.

वाढीची खूण दुसरीकडे सापडते. शंभर प्रतींचा नमुना घेतला, तर ७० पिढ्या मागे जाईपर्यंत त्यांच्या सुमारे ८० वंशरेषा अजून वेगळ्याच असतात. समाज सदैव हजारांचाच राहिला असता, तर त्याच ७० पिढ्यांत त्या सुमारे ३६ वर आल्या असत्या. वाढत्या समाजाच्या झाडाला अशा लांब, स्वतंत्र काड्या अधिक फुटतात. त्या काडीवर झालेला बदल केवळ त्या एका घरापुरता राहतो. केनन आणि क्लार्क यांनी २०१२ मध्ये दाखवले, की माणसांत दुर्मीळ जनुकीय भेद अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त आहेत आणि त्याचे कारण अलीकडची स्फोटक लोकसंख्यावाढ हे आहे.

हीच गोष्ट पुढच्या दिशेने पाहिली तरी दिसते. आडनावे नष्ट का होतात, हा प्रश्न गाल्टन यांनी १८७३ मध्ये जाहीरपणे विचारला होता आणि वॉटसन यांच्यासह त्याचे गणित केले होते. स्थिर समाजात नव्याने उद्भवलेली एखादी प्रत पहिल्याच पिढीत नाहीशी होण्याची संभाव्यता सुमारे ३७ टक्के असते आणि वॉटसन यांच्या गणितानुसार ती अखेरीस नाहीशी होतेच. प्रत्येक प्रतीमागे सरासरी १.१ वारस-प्रती असतील, तर मात्र ती कायमची टिकण्याची संभाव्यता सुमारे १७.६ टक्के होते. एवढ्याशा वाढीने एवढा फरक पडतो.

प्रतिसाद: तपासणी शिबिर

मी विदर्भातील गावांमध्ये सिकलसेलच्या तपासणीचे काम करते. आमच्याकडे शिबिरात लोक नेहमी विचारतात, की हा आजार आमच्याच भागात एवढा का? वरचे सर्व वाचून मला वाटले, की वीस संस्थापकांचे उदाहरण हेच त्याचे उत्तर असावे. मी लोकांना तसे सांगू का?

प्रतिसाद: अंबाझरीकाठ

ताई, कृपया तसे सांगू नका. वरचे सारे गणित अशा जनुकांसाठी आहे, ज्यांच्यामुळे जगण्यात फायदा किंवा तोटा होत नाही. सिकलसेलचे तसे नाही. एक प्रत सिकलची आणि एक साधी असलेल्या वाहकाला गंभीर हिवतापापासून संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील निरीक्षणांवरून मांडले. जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या होता, तेथे ही प्रत टिकली आणि वाढली. भारतात ती प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील समाजांत नोंदवली गेली. भारतात आणि अरबस्तानाच्या पूर्व भागात ती एकाच प्रकारच्या जनुकीय पार्श्वभूमीवर आढळते. संस्थापकांची संख्या आणि आपसातील विवाह यांमुळे कोणत्या गटात ती किती एकवटली यात फरक पडू शकतो, पण एवढ्या विस्तृत पट्ट्यात ती टिकून राहण्याचे मूळ कारण हिवताप आहे.

संस्थापक-घटनेचे निखळ उदाहरण हवे असेल तर आंध्र आणि तेलंगणातील वैश्य समाजाचे आहे. शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या एका औषधाचा परिणाम त्यांच्यापैकी काहींवर धोकादायक रीतीने लांबतो, कारण ते औषध मोडणारे विकर त्यांच्या शरीरात पुरेसे नसते. समाज लाखोंचा आहे, तरीही ही कमतरता त्यात इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळते. वीस संस्थापकांपैकी एकाकडे अशी एक प्रत असेल, तर तिचे प्रमाण ४० मध्ये एक होते. ते तसेच टिकले, तर दोन्ही प्रती सदोष असलेले मूल सुमारे १,६०० जन्मांत एक येते, आणि समाज वाढून कोटीचा झाला तरी हे प्रमाण आपोआप खाली येत नाही.

प्रतिसाद: तपासणी शिबिर

समजले. शिबिरातील माणसे "आमच्या रक्तातच दोष आहे का?" असे विचारतात, तेव्हा हिवतापाची गोष्ट सांगणे मलाही अधिक न्याय्य वाटते. ज्या प्रतीने त्यांच्या पूर्वजांची लेकरे जगवली, तीच आता दोन्हीकडून आली की त्रास देते, असे मी यापुढे सांगेन. दोन्ही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्यात हा आजार होण्याची संभाव्यता चारात एक असते, हे आम्ही सांगतोच.

प्रतिसाद: दीक्षाभूमी परिसर

गणितज्ञ ज्याला बंद समाज म्हणतात, त्याची सामाजिक व्याख्या आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच झाली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात अंतर्विवाह, म्हणजे गटाबाहेर लग्न न करणे, हेच जातीचे मूळ लक्षण असल्याचे मांडले होते. त्या वेळी जनुकांची तपासणी शक्यच नव्हती. २०१३ मध्ये मूरजानी आणि सहकाऱ्यांनी जनुकांवरून अंदाज केला, की भारतातील गटांचे परस्परांत मोठ्या प्रमाणावर मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले आणि त्यानंतर ते फार कमी झाले. मला यात महत्त्वाचे हे वाटते, की बंदिस्तपणा अनादी नव्हता. धागालेखकांच्या भाषेत सांगायचे तर ज्या दिवशी दार बंद झाले त्या दिवशी प्रत्येक गटासाठी वेगळे घड्याळ सुरू झाले, आणि ज्या गटात माणसे थोडी होती त्याचे घड्याळ सर्वांत वेगाने फिरले. दार उघडले तर काय होते, याचे गणित कोणी मांडेल का?

प्रतिसाद: अंबाझरीकाठ

त्याचे गणित १९३१ मध्ये सिवॉल राइट यांनी मांडलेले आहे आणि ते अतिशय दिलासादायक आहे. दोन गटांतील जनुकीय अंतर मोजण्याचे त्यांचे माप स्थलांतरितांच्या संख्येवर अवलंबून असते; दर पिढीला सरासरी एक व्यक्ती जरी बाहेरून येऊन मिसळली, तरी ते माप सुमारे ०.२ च्या वर जात नाही, मग गट शंभरांचा असो की लाखाचा. सदोष प्रतींच्या बाबतीत परिणाम आणखी थेट आहे. ४० मध्ये एक प्रमाण असलेल्या गटातील व्यक्तीने, ती प्रत मुळीच नसलेल्या गटात विवाह केला, तर त्या अपत्याला दोन्ही सदोष प्रती मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दुरुस्ती एका पिढीत होते.

प्रतिसाद: पेंचच्या वाटेवर

वाघांच्या बाबतीतही हेच चालू आहे. २००६ मध्ये देशात १,४११ वाघांचा अंदाज होता, तो २०२२ मध्ये ३,६८२ पर्यंत गेला, आणि आपल्याकडे याचा योग्य अभिमान बाळगला जातो. परंतु वरचे वाचून ध्यानात येते, की संख्या अडीचपटीहून अधिक झाल्याने हरवलेली विविधता परत आलेली नाही. त्या अरुंद काळातून जे आले तेवढेच आज अडीचपटीहून अधिक झाले आहे. ओडिशातील सिमिलीपाल येथे काळपट पट्ट्यांचे वाघ वारंवार दिसतात, त्याचे कारण २०२१ च्या अभ्यासात हेच सांगितले आहे, की एकाकी पडलेल्या छोट्या समूहात एक दुर्मीळ प्रत योगायोगाने वाढली. मध्य भारतात मात्र कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट यांच्यामधील जंगलपट्ट्यांतून वाघांची देवाणघेवाण होत असल्याचे २०१३ मध्ये जनुकांवरून दाखवले गेले. नागपूर-सिवनी महामार्गाखाली प्राण्यांसाठी केलेले मार्ग मी येता-जाता पाहतो, तेव्हा आता राइट यांची ती एक व्यक्ती मनात येईल.

प्रतिसाद: अमरावती रोड

मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी आहे. लोकसंख्येचा इतिहास माहीत असेल तर झाड कसे दिसेल, हे येथे छान उलगडले. मला उलटा प्रश्न पडला आहे. झाडावरून इतिहास काढता येतो का? ली आणि डर्बिन यांनी २०११ मध्ये एका माणसाच्या जनुकसंचावरून लाखो वर्षांचा आलेख काढला, असे वाचले. एका माणसावरून संपूर्ण समाजाचा इतिहास निघतो, हे पटायला जड जाते.

प्रतिसाद: अंबाझरीकाठ

एक माणूस म्हणजे एक झाड असे नाही, म्हणून ते शक्य होते. आई-वडिलांकडून आलेल्या दोन प्रती गुणसूत्रावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहत गेलो, तर पुनर्संयोजनामुळे, म्हणजे पिढी बदलताना दोन प्रतींच्या तुकड्यांची अदलाबदल होत असल्यामुळे, ठिकठिकाणी पूर्वज बदलतात. प्रत्येक तुकड्याचा संगम वेगळ्या काळातला असतो. ज्या काळात संगम जास्त झालेले दिसतात तो काळ लहान लोकसंख्येचा, जेथे विरळ दिसतात तो मोठ्या लोकसंख्येचा, असा तो हिशेब आहे. गेल्या सुमारे वीस हजार वर्षांबद्दल मात्र ही पद्धत फारसे काही सांगू शकत नाही, कारण इतके अलीकडचे संगम एका माणसात फार थोडे असतात. म्हणजे १८९९ चा दुष्काळ तीत शोधणे व्यर्थच आहे.

अशा आलेखाच्या उभ्या अक्षावर लोकसंख्या लिहिलेली असते, पण मोजलेला असतो तो संगमाचा वेग. ओलिव्हिए माझे (Mazet) या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले, की लोकसंख्या कधीच बदलली नाही, केवळ ती वेगवेगळ्या गटांत विभागलेली होती, तरीही असाच चढ-उतार उमटू शकतो. दोन वंशरेषा एकाच गावच्या असतील तर लवकर भेटतात, वेगवेगळ्या गावांच्या असतील तर वाट पाहतात, आणि आलेखाला ती वाट पाहणे मोठ्या लोकसंख्येसारखे दिसते. गट-उपगटांनी भरलेल्या आपल्या देशात तर ही सावधगिरी पाळायलाच हवी. त्याआधी २००८ मध्ये मायर्स, फेफरमन आणि पॅटरसन यांनी दाखवले होते, की केवळ भेदांच्या वारंवारितेकडे पाहिले, तर दोन अगदी भिन्न इतिहासांची खूण एकसारखी असू शकते. इतिहास फार हेलकावे खाणारा नसावा एवढी अट घातली, तर पुरेशा नमुन्यावरून तो ठरवता येतो, हे भास्कर आणि साँग यांनी २०१४ मध्ये सिद्ध केले.

प्रतिसाद: जुनी शुक्रवारी

आमच्या घरी पंधरा पिढ्यांची वंशावळ आहे. त्या मूळ पुरुषाचा अंश माझ्यात किती असेल?

प्रतिसाद: अंबाझरीकाठ

पंधरा पिढ्यांपूर्वी आपल्या वंशावळीत ३२,७६८ जागा होतात. अर्थात अनेक जागांवर तीच माणसे पुन्हा येतात. लिंगगुणसूत्रे वगळली, तर आपला जनुकसंच तेव्हाच्या सुमारे ९६८ तुकड्यांचा बनलेला असतो. म्हणजे बहुतेक जागांवरील पूर्वजांकडून आपल्याकडे काहीही आलेले नसते. मूळ पुरुष बापाकडून बापाकडे अशा अखंड रेषेत असतील आणि आपण पुरुष असाल, तर वाय गुणसूत्र मात्र त्यांचेच आहे. वंशावळीत ज्यांची नावे लिहिलीच गेली नाहीत, त्या ३२,७६७ जागांचा वाटा उरलेल्या जनुकसंचात आहे.

प्रतिसाद: फळा आणि खडू

मी काल शेजारच्या मुलांना घेऊन हे सारे चिठ्ठ्यांनी खेळून पाहिले. एका डब्यात १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या म्हणजे वीस प्रतींचा समाज. दोन मुले दोन वंशरेषा. प्रत्येक पिढीला दोघांनी एकेक चिठ्ठी काढून पाहायची आणि परत टाकायची. आकडा सारखा आला की संगम झाला. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीला डब्यात केवळ चारच चिठ्ठ्या ठेवायच्या, असा अरुंद काळ मी घातला होता.

त्या दोन पिढ्यांपर्यंत पोहोचलेल्या जोड्यांपैकी तेथेच भेटणाऱ्यांची संभाव्यता १ उणे ३/४ चा वर्ग, म्हणजे ७/१६ येते, हे आधी वहीत लिहून ठेवले. तेथवर पोहोचलेले ३० डाव मिळेपर्यंत आम्ही खेळलो. अपेक्षा १३ च्या आसपास होती आणि प्रत्यक्षात १४ जोड्या तेथे भेटल्या. मग मुलांनीच विचारले, की चारऐवजी अठरा चिठ्ठ्या ठेवल्या तर? तो त्यांचा दुष्काळ. पुन्हा ३० डाव झाले आणि त्या दोन पिढ्यांत चार जोड्या भेटल्या; वीसच चिठ्ठ्या ठेवून खेळलेल्या ३० डावांत तीन भेटल्या होत्या. सहावीतल्या मुलीने दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि म्हणाली, "आजी, यात तर काहीच फरक नाही."